पहिल्या वर्षाची गार्ड: स्टील्स कमी झाल्या, तरी सर खूश का?

घणसोलीची_आई

बास्केटबॉल मला मुलीमुळे कळायला लागलं, तेव्हा काही बाळबोध विचारलं तर सांभाळून घ्या. मी स्वतः कबड्डीवाली. लग्नाआधी डावा कोपरा सांभाळायचे.

मुलगी यंदा वाशीच्या एका कॉलेजात एफवायला आहे. उंची पाच फूट तीन इंच, गार्ड (म्हणजे बॉल पुढे नेणारी). शाळेपासून बारावीपर्यंत तिची ओळख एकच, चेंडू हिसकावणारी. समोरची ड्रिबल करत आली की हिची झडप, आणि मग एकटीच पळत जाऊन लेअप. पालक मंडळी उभी राहून टाळ्या वाजवायची. मीही.

गणपतीनंतर कॉलेजच्या मॅचेस सुरू झाल्या आणि सगळं पालटलं. पहिल्या हाफमध्येच तीन फाउल, मग बाकावर. सर ओरडायचे, "हात नको, पाय!" घरी येऊन रडारड. दिवाळीनंतर पुन्हा निराळंच. आता बराच वेळ आत असते, शेवटच्या क्वार्टरला तर असतेच, आणि समोरच्यांची सगळ्यात चलाख गार्ड सर हिलाच धरायला देतात. फाउलही कमी झालेत. पण टीममधली एक मुलगी वहीत आकडे लिहिते, त्यात हिच्या नावापुढे स्टील (हिसकावलेला बॉल) एखादी, कधी तीही नाही. मुलगी म्हणते, "आई, माझा गेमच गेला." सर म्हणतात, "आत्ता कुठे डिफेन्स यायला लागलाय."

दोघांपैकी खरं कोणाचं? आणि मी बाहेर बसून नेमकं काय बघायचं? रात्री मोबाइलवर अमेरिकेतल्या कॉलेजची ती हॅना हिडाल्गो बघत बसते आणि मला दाखवते, ही बघ, पहिल्याच वर्षी किती स्टील्स. त्यावर काय बोलावं तेही कळत नाही.

ऐरोली_पॉइंटगार्ड

ताई, सरांचं खरं आहे. मुलगी खट्टू का, तेही समजतं. टाळ्या बंद झाल्यात ना.

मी ठाण्यात कॉलेज खेळले, पॉइंट गार्डच. आता ऐरोलीत नोकरी, आणि रविवारी सकाळी सेक्टरमधल्या कोर्टवर मुलींची प्रॅक्टिस घेते. बारावी करून अशी एक तरी मुलगी दरवर्षी येते आणि आधी तिचे हात शांत करावे लागतात.

शाळेतली बॉल हँडलर कशी असते? मान खाली, ड्रिबल कमरेएवढी उंच, एकच हात चालतो. तिच्याकडून बॉल काढून घेणं फार अवघड नसतं. कॉलेजात दोन-तीन वर्षं मुरलेली मुलगी बॉलच्या आड स्वतःचं अंग घालते आणि झडपेची वाटच बघते. हिने हात टाकला, वजन पुढच्या पायावर गेलं, की ती बाजूने निघून गेलीच. आता पुढे त्यांच्या पाच आणि आपल्या चार. आपली सेंटर (बास्केटजवळची उंच मुलगी) मदतीला सरकते, तिने धरलेली मुलगी मोकळी सुटते, नाहीतर सेंटरला फाउल बसतो. समजा मॅचमध्ये अशा चार झडपा घातल्या. एक लागली, दोन पॉइंट आले. एकीत फाउल. दोन हुकल्या आणि दोन्ही वेळा सोपी बास्केट गेली. वहीत येते फक्त स्टील एक. हुकलेल्या झडपांना वहीत जागाच नाही.

आता काय बघायचं. बॉलचा मोह सोडा आणि समोरच्या गार्डकडे बघत बसा. ती बॉल घेऊन निघाली की सरळ मधून येते, का तुमची मुलगी तिला साइडलाइनकडे रेटते? वाटेत तिला किती वेळा पाठ फिरवावी लागते? हा सगळा घड्याळाचा मामला आहे. बॉल हातात आल्यापासून ८ सेकंदांत अर्धं कोर्ट ओलांडायचं आणि एकूण २४ सेकंदांत शॉट घ्यायचा. कोणी अडवलंच नाही तर गार्ड तीन-चार सेकंदांत पलीकडे, मग वीस सेकंद निवांत. दोनदा वळायला लावलं तर सातेक सेकंद तिथेच गेले. पलीकडे पोचून, श्वास घेऊन, प्ले सांगेपर्यंत हातात चौदा-पंधरा उरतात. शेवटी कुणीतरी घाईघाईत लांबून फेकते. तो शॉट तुमच्या मुलीने हुकवलेला असतो, आणि रिबाउंड (हुकून परत आलेला बॉल) भलत्याच मुलीच्या नावावर चढतो. (झोनलच्या मॅचला शॉट क्लॉकचं मशीन असेलच असं नाही. टेबलवरचे स्टॉपवॉच धरून ओरडतात. पण गणित तेच.)

मग स्क्रीन, म्हणजे बचाववालीच्या वाटेत आडवं उभं राहणं. पहिल्या वर्षाच्या गार्डचं खरं पाणी इथे कळतं, कारण शाळेत कुणी धड स्क्रीन लावतच नाही. कॉलेजात पाच फूट नऊ इंचाची सेंटर येऊन आडवी उभी राहते आणि आपली मुलगी तिच्यावर जाऊन आदळते. सप्टेंबरमध्ये ती तिथेच अडकून राहत असणार. आता बघा, एक पाय स्क्रीनच्या पुढे काढून, खांदा आत घुसवून, जिला धरलंय त्या गार्डला चिकटून निघते का. समोरची लांबून मारणारी असेल तर असंच वरून जायचं. तिचा शॉट कच्चा असेल तर खालून जाऊन पुढे पकडायचं. कुठे काय करायचं हे त्या अर्ध्या सेकंदात ठरतं, आणि तेही मागून आपली सेंटर "स्क्रीन लेफ्ट!" ओरडली तर. तुमच्या मुलीला ते ऐकू येतं का? माझा अनुभव असा की पोरींचे कान आधी सुधारतात, पाय नंतर. नव्या मुलीला मॅचमध्ये काही म्हणजे काही ऐकू येत नाही.

आणि सगळ्यात उशिरा येतं ते बॉल दुसरीकडे असतानाचं उभं राहणं. बॉल आणि आपण धरलेली मुलगी, दोन्ही एकाच नजरेत हवीत. नवखी बॉल बघत बसते आणि पाठीमागून तिने धरलेली मुलगी बेसलाइनने (बास्केटमागच्या रेषेकडून) कट मारते. हे तुमच्या मुलीकडून अजून होत असेल, तर काळजी करू नका. दुसऱ्या वर्षापर्यंत चालतं.

हिडाल्गोचं म्हणाल तर मुलगी खोटं बोलत नाहीये. नोटर डेमला २०२३-२४ हे तिचं पहिलं वर्ष, आणि त्याच वर्षी अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सची (तिकडच्या कॉलेजांची एक लीग) सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम बचावपटू, दोन्ही तीच. उंचीही पाच फूट सहा इंच, म्हणजे फार नाही. पण रीलमध्ये फक्त हिसकावलेला बॉल असतो. त्याआधीचे दहा सेकंद कापलेले असतात. मुलीला म्हणावं, एक अख्खी मॅच बघ, आणि ती बॉलला हात लावत नाही तेव्हा काय करते ते मला सांग. शिवाय तिकडे सीझनमध्ये आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त सराव घ्यायचा नाही असा नियम करावा लागतो. आपल्याकडे पाऊस उघडेपर्यंत सिमेंटच्या कोर्टवरचं शेवाळ जात नाही.

शिट्टी_ठाणे

फाउलबद्दल दोन शब्द, कारण माझा संबंध तेवढाच.

स्वतःचे पाच झाले की मुलगी बाहेर. हे सगळ्यांना माहीत असतं. पण क्वार्टरमध्ये टीमचे चार फाउल झाले की पाचव्यापासून प्रत्येक बचावाच्या फाउलला दोन फ्री थ्रो. बास्केटपासून वीस मीटर लांब, काहीही धोका नसताना, गार्डने उगाच हात घातला की दोन फुकट फ्री थ्रो. नवख्या गार्डला आत ठेवायला कोच घाबरतात ते यामुळे.

दुसरं. दोन्ही पाय जमिनीवर आणि तोंड समोरच्या मुलीकडे, अशी जागा एकदा घेतली की तिथून बाजूला किंवा मागे सरकायची मुभा असते. मग ती छातीवर येऊन आदळली तर फाउल तिचा. आपल्या मुली अशी जागा घेत नाहीत, कारण खाली सिमेंट. पडलं की ढोपर सोलवटतं. त्यांना दोष देता येत नाही, पण ती शिट्टी वाजवायला मला मनापासून आवडते.

कोपरखैरणे_११

काकू, मीपण गार्ड, एसवायला. पहिल्या वर्षी माझंही असंच चाललेलं.

एक गोष्ट कुणी बोललं नाही. खाली बसून डिफेन्स करायला मांड्यांत दम लागतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात स्लाइड्स (खाली बसून आडवं सरकणं) मारून ट्रान्स-हार्बर पकडली की स्टेशनच्या पायऱ्या चढताना पाय लटपटायचे. तिसऱ्या क्वार्टरला पाय उभे झाले की हात आपोआप पुढे जातो, आणि फाउल. म्हणजे शेवटच्या क्वार्टरला पण ती खाली बसलेली दिसत असेल तर भारी आहे. शपथ.

आमच्या वहीत आम्ही "टच" पण लिहितो. बॉलला नुसतं बोट लागलं, पास वाकडा गेला, ड्रिबल सुटून परत त्यांच्याकडेच गेली, तरी एक टच. आमच्या मॅडम स्टील्स विचारतच नाहीत, टच किती विचारतात.

ठाण्याचा_प्रेक्षक

सगळ्यांनी मिळून त्या पोरीला अगदी शिस्तीत बसवायचं ठरवलेलं दिसतंय. मी नागपाड्याचे सामने बघत मोठा झालो. खेळलो नाही, पण बघितलंय भरपूर. बॉल कधी सुटणार हे आधी कळणारी नजर शिकवून येत नाही. पाय कुणालाही शिकवता येतात. कोच लोक सेफ खेळायला लावतात आणि तिसऱ्या वर्षी विचारतात, तुझी ती झडप कुठे गेली? वहीतल्या स्टील्स शून्यावर आल्या असतील, तर मला ते लक्षण बरं वाटत नाही.

ऐरोली_पॉइंटगार्ड

@ठाण्याचा_प्रेक्षक, काका, झडप मारून टाका असं मी म्हटलेलं नाही. कुठे मारायची याची जागा ठरवायची. गार्डने अर्धं कोर्ट ओलांडलं आणि ती साइडलाइनच्या कोपऱ्यात सापडली, की तिला मागे जाता येत नाही आणि बाहेरही. तिथे दुसरी मुलगी धावून आली तर खुशाल झडप घाला, मागे तिघी उभ्या आहेत. आपली बास्केट झाल्यावर प्रेस (त्यांच्याच अर्ध्यात जाऊन अडवणं) लावला असेल तेव्हाही घाला, हुकली तरी परतायला अख्खं कोर्ट आहे. मधोमध, एकास एक, मागे मदत नसताना मात्र नाही. तेवढंच तिचे सर सांगत असावेत.

पण शून्याबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं. ताई, सरांना एकदा विचारा, प्रेसमध्ये तिला पुढे ठेवतात का? ठेवत नसतील तर ठेवायला हवं. समोरच्या चलाख गार्डला धरण्यात दमते म्हणून ठेवत नसतील, तर तेही समजण्यासारखं आहे. टीममध्ये दुसरी गार्ड कशी आहे त्यावर आहे ते.

घणसोलीची_आई

सगळ्यांचे आभार. शनिवारी खारघरला मॅच होती, तेव्हा तुम्ही सांगितल्याप्रमाणे कागद-पेन घेऊन बसले. बॉलकडे न बघणं महाकठीण आहे. शेजारची बाई सारखी "अहो, बास्केट झाली" म्हणून कोपराने ढोसत होती.

पहिल्या क्वार्टरमध्येच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अहो, हा आमचा कोपराच आहे! चढाईवाली आत येऊन पाय टाकेपर्यंत कोपऱ्याने हलायचं नाही. आधी झेपावलात तर ती हात लावून परत. आमच्या बाई तेव्हा हेच सांगायच्या, फक्त शिव्यांसकट. रात्री मुलीला पकड कशी लावायची ते हॉलमध्ये करून दाखवलं. तिचे बाबा म्हणाले, टीपॉय सांभाळा.

तर माझा कागद: समोरची गार्ड पहिल्या हाफमध्ये तीनदा हिच्या बाजूने निघून गेली, दुसऱ्या हाफमध्ये एकदा. टच सहा. फाउल दोन. स्क्रीनवर मात्र अजून अडकते, तेही विशेष करून डाव्या बाजूला. बेसलाइनवाला कट दोनदा खाल्ला. सरांना प्रेसबद्दल विचारलं, ते म्हणाले, जानेवारीत बघू, आधी दम वाढू दे.

एक मात्र कळलं नाही. चौथ्या क्वार्टरला त्यांच्या गार्डने ड्रिबल थांबवून बॉल हातात धरला. आमची अगदी तोंडासमोर, हात पसरून. बॉलला शिवलीही नाही, धक्काही नाही. पंचांनी शिट्टी वाजवली आणि बॉल आम्हाला दिला. फाउल म्हणावं तर कुणाच्याच नावावर चढला नाही. हे काय होतं?

शिट्टी_ठाणे

पाच सेकंद. बॉल हातात धरून उभी असेल आणि बचावाची मुलगी एक मीटरच्या आत, नियमातली जागा घेऊन अडवत असेल, तर पाच सेकंदांत पास, शॉट किंवा ड्रिबल करावी लागते. तिची ड्रिबल संपलेली होती, म्हणजे पास किंवा शॉट एवढंच उरलं. नाही जमलं, बॉल गेला. ड्रिबल चालू असताना हा नियम लागत नाही, त्यामुळे मुलींच्या मॅचमध्ये ही शिट्टी रोज वाजत नाही. आणि एकटीचं काम नसतं हे. बाकीच्या चौघींनी पासच्या वाटा अडवलेल्या असणार.

ऐरोली_पॉइंटगार्ड

ताई!! चौथ्या क्वार्टरला, हात न लावता! वहीत ती कुठे लिहिली?

घणसोलीची_आई

कुठेच नाही. वहीवाली म्हणाली, याला रकाना नाही. पट्टी घेऊन आखून दिला. टचचाही दिला.