प्रति: बाप्तिस्मा लांबवण्याविषयी
बाप्तिस्म्याने, म्हणजे ख्रिस्ती धर्मात प्रवेश देणाऱ्या पाण्याच्या संस्काराने, मागची सारी पापे धुतली जाणार असतील तर तो म्हातारपणीच घ्यावा, हा इथे कुणी मारलेला शेरा थट्टेचा असला तरी चौथ्या शतकात अनेकजण खरोखरच तसे करीत. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने बाप्तिस्मा घेतला तो ३३७ साली, निकोमेडियाजवळ (आजच्या तुर्कस्तानात) मरणशय्येवर, आणि त्यानंतर त्याने राजेशाही जांभळी वस्त्रे पुन्हा अंगाला लावली नाहीत. पांढऱ्या वस्त्रांतच तो गेला. पुढे मोठा ख्रिस्ती धर्मपंडित झालेला ऑगस्टीन लहानपणी अत्यवस्थ झाला तेव्हा आईने घाईने तयारी केली, पण दुखणे उतरताच बाप्तिस्मा पुढे ढकलला गेला, तो थेट ३८७ सालापर्यंत. ही निव्वळ चलाखी होती असे मला वाटत नाही, कारण बाप्तिस्म्यानंतर घडलेल्या गंभीर पापासाठी जाहीर प्रायश्चित्त घ्यावे लागे आणि ती संधी आयुष्यात एकदाच मिळे. धर्मगुरूजवळ वारंवार करता येणारे खासगी पापनिवेदन बरेच नंतर रूढ झाले.