जुन्या इमारतींच्या संवर्धनात एम.आर्क. (वास्तुकलेतली पदव्युत्तर पदवी): अहमदाबाद, भोपाळ की मुंबई? (शिकून नाशिकलाच यायचंय)

ओसरी
नमस्कार मंडळी. बी.आर्क. होऊन दोन वर्षं झाली. कॉलेज रोडच्या एका ऑफिसात आहे, दिवसभर रो-हाउसची मंजुरीची ड्रॉइंग करते. जीव मात्र जुन्या नाशकात अडकलाय. शेवटच्या वर्षाला भद्रकालीतला एक वाडा आम्ही मोजला होता. चौकातला सागवानी खांब वरून एकदम धडधाकट दिसत होता. खाली दगडी बैठकीपाशी बोट घातलं तर भुसाच हाताला आला. त्याच पावसाळ्यात मागची भिंत बसली आणि दिवाळीच्या आत वाडा उतरवला. आमच्याकडे त्याची फक्त ड्रॉइंग उरली.

गेट ही प्रवेशपरीक्षा दिली आहे, भोपाळच्या एसपीए या सरकारी संस्थेत संवर्धनाला जागा मिळेल असं दिसतंय. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाचा होकार आलाय, पण फीचा आकडा ऐकून बाबा गप्प झालेत. मुंबईच्या केआरव्हीआयए या कॉलेजचं नागरी संवर्धनही डोक्यात आहे. कुणी सांगेल का?

पंचवटीकर
आधी एक विचारतो, एम.आर्क. आत्ताच हवी का? प्रॅक्टिसला बी.आर्क. आणि कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं रजिस्ट्रेशन पुरतं. शिकवायचं असेल तर गोष्ट वेगळी. वर्षभर प्रत्यक्ष संवर्धनाच्या साइटवर काढ, मग जा. चुना कसा मुरवतात ते हाताने केलेलं असलं की वर्गातलं निम्मं आपोआप कळतं.

चुनखडी
पंचवटीकरांचं साइटबद्दलचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण ओसरी, हातात आलेली जागा सोडू नकोस. गेटचा स्कोअर तीनच वर्षं चालतो.

मी या कामात बरीच वर्षं आहे. भोपाळ आणि अहमदाबाद, दोन्हीकडून शिकून आलेल्या मुलांबरोबर काम केलंय. भोपाळच्या आसपास सांची, भीमबेटका, भोजपूर. तिथली मुलं दगड, अभिलेख, नोंदी, अहवाल यांत पक्की होतात. उद्या सिन्नरच्या गोंदेश्वरासारख्या देवळाचं काम आलं तर असा माणूस मला शेजारी हवा. पण तुझा प्रश्न वाड्याचा आहे. वाड्याला पाच वारसदार असतात, तळमजल्यावर जुन्या भाड्याचे दुकानदार, आणि दर पावसाळ्याआधी 'धोकादायक' म्हणून नोटीस. तिथे सागाचा खांब वाचवणं हे सगळ्यात सोपं काम. अवघड आहे ते पाचही जणांना एका कागदावर सही करायला लावणं.

या प्रश्नाची जिवंत शाळा म्हणजे अहमदाबादच्या पोळी, म्हणजे जुन्या शहरातल्या दाट घरांच्या गल्ल्या. तीही लाकडाचीच घरं, मधोमध चौक, तशीच वाटणीची भांडणं. २०१७ साली ते तटबंदीचं शहर जागतिक वारसा झालं. वारसा म्हणून नोंद झालेल्या घरांना तिथे टीडीआर, म्हणजे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकायची मुभा मिळते; घर जपण्याला पैशाचं पाठबळ आहे. हे नाशकात कसं आणता येईल हा अभ्यास कुणीतरी करायलाच हवा.

तरी मी तुला भोपाळ सांगेन. तिथे गेटवाल्यांना दरमहा १२,४०० रुपये मिळतात, फीही पुष्कळ कमी. सेप्टसाठी कर्ज काढलंस तर परत आल्यावर वर्षभरात हप्ता सुरू. नाशकात वाड्याच्या दुरुस्तीचे पैसे रखडत येतात, कधी येतच नाहीत. मग हप्त्यासाठी पुन्हा रो-हाउस काढत बसशील. याच पायी दोन चांगली मुलं या कामातून निघून गेलेली मी पाहिली आहेत, म्हणून इतकं तळमळून लिहितोय.

भोपाळहून नाशिक रोडला थेट गाड्या आहेत. थीसिसला जुनं नाशिकच घे आणि सुट्टीत महिनाभर पोळींत जाऊन राहा.

खाडिया
मी सेप्टची. चुनखडीदादांचा हिशेब बरोबर आहे, तरी दुसरी बाजू मांडते. तिथे दर सेमिस्टरला स्टुडिओ आपण निवडतो. माझ्या पहिल्या स्टुडिओत आम्ही एकाच घरावर चार महिने होतो. घरातल्या आजी आधी दार उघडत नव्हत्या, शेवटी त्यांनीच माळ्यावरचे जुने कागद काढून दिले. महिनाभर राहून ते दार उघडलं नसतं. फीच्या सवलतीसाठी अर्ज करता येतो, तो केल्याशिवाय नाही म्हणू नकोस.

मुंबईबद्दल एवढंच की वस्ती आणि नियमावली यांत रस असेल तरच. तुझं मन लाकडात आहे.

चुनखडी
सवलत निम्म्याच्या वर मिळाली तर मीही अहमदाबादच म्हणेन. आणि दोन्हीकडच्या आत्ताच्या विद्यार्थ्यांना एकच विचार: गेल्या वर्षी किती दिवस साइटवर होतात आणि तिथे हाताने काय केलंत? त्यांच्या उत्तरातून माहितीपत्रकापेक्षा जास्त कळेल.

ओसरी
सगळ्यांचे मनापासून आभार. सवलतीचा अर्ज आजच भरते. भोपाळच्या दोघींचे नंबर मैत्रिणीकडून मिळालेत, रविवारी त्यांच्याशी बोलणार आहे. बाबांना हा धागा वाचून दाखवला. हप्त्याचं ऐकून मान हलवली, आणि मग म्हणाले, "तो भद्रकालीचा वाडा कुणाचा होता गं?" ड्रॉइंग काढून दाखवली. तासभर बघत बसले होते.