प्रिसिजन आहे, जॅझ आहे. तिसरा बेस कोणता घ्यावा?

खर्जवाला

मंडळी, सल्ला हवाय. माझ्याकडे दोन बेस गिटार आहेत, दोन्ही चार तारांचे, दोन्ही पॅसिव्ह, म्हणजे आत बॅटरीवरचं सर्किट नसलेले.

एक फेंडरच्या प्रिसिजन मॉडेलच्या धाटणीचा. त्यावर फ्लॅटवाउंड (बाहेरून सपाट, गुळगुळीत) तारा आहेत आणि त्या मी मुद्दाम बदलत नाही. त्यांची चमक केव्हाच उडालीय, आणि मला तसाच आवाज हवा असतो. टोनचा नॉब निम्म्याच्या खाली, ब्रिजपाशी (तारा अंगावर जिथे टेकतात तिथे) तारांखाली फोमची पट्टी सरकवलेली. सूर गोल 'धुम्' होऊन येतो, लगेच विरतो, ड्रमरच्या किकच्या (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) अंगावर जात नाही. संथ गाण्यांना याच्यापुढे मला दुसरं काही सुचत नाही.

दुसरा फेंडरच्याच जॅझ मॉडेलच्या धाटणीचा, राउंडवाउंड (खरखरीत, चमकदार आवाजाच्या) तारांचा. स्लॅप (अंगठ्याने तार आपटून, बोटाने ओढून वाजवणं) असेल, बोटांची धावाधाव असेल तर हा. नटपाशी (खुंट्यांच्या हेडस्टॉककडच्या टोकाला) नेक बारीक, त्यामुळे डावा हात खूश. मात्र ब्रिजकडचा पिकअप (तारेचं कंपन टिपणारं चुंबक आणि वेटोळं) एकटा चालू ठेवला की सिंगल कॉइलची, म्हणजे एकाच वेटोळ्याची, घुंई सुरू होते, म्हणून दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे ठेवतो. मग दोन्ही पिकअपची घुंई एकमेकींना खाऊन टाकते.

आता तिसरा घ्यायचाय. घरातून 'हे तर तसलेच दिसतात' हा शेरा येऊन गेलाय, तेव्हा निदान वाजायला तरी वेगळा हवा. डोक्यात चार नावं घोळताहेत: म्यूझिक मॅनच्या स्टिंगरे मॉडेलच्या जातीचा अ‍ॅक्टिव्ह, पाच तारांचा (खाली जादा बी तार असलेला), शॉर्ट स्केल (तारेची वाजणारी लांबी कमी असलेला) आणि फ्रेटलेस (बोटपट्टीवर फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, नसलेला).

पार्श्वभूमी अशी: आमचा बँड कव्हर वाजवतो. आमच्या गायिकेला हल्ली बरीच गाणी खालच्या पट्टीत सोयीची पडतात. कुठे ई फ्लॅट, कुठे डी, एक तर थेट सी. माझी सगळ्यात खालची तार ई, त्यामुळे मला तिथे मूळ सूर वरच्या सप्तकात घ्यावा लागतो. कोरस येतो, सगळे जोरात सुटतात आणि नेमकं तेव्हाच खालून जमीन सरकते. शिवाय घरी थोडंफार रेकॉर्डिंग करतो. आणि लांबलेल्या रिहर्सलनंतर डावा खांदा बोलायला लागतो.

एकच घेणार आहे. 'दोन घेऊन टाक' म्हणणाऱ्यांना आधीच नमस्कार.

नटबोल्ट

मी बेस वाजवतो कमी, दुरुस्त जास्त करतो. त्यामुळे माझं उत्तर थोडं रुक्ष वाटेल.

लोक तिसरा बेस आवाज ऐकून निवडतात. आवाज ही सगळ्यात सहज बदलता येणारी गोष्ट आहे. प्रिसिजन १९५१चा (आज सगळ्यांना माहीत असलेला दोन तुकड्यांचा पिकअप त्याला १९५७ साली मिळाला), जॅझ १९६०चा, स्टिंगरे १९७६चा. तिघांमागे लिओ फेंडरच, आणि तिघांचं स्केल ३४ इंच. फरक आहे तो पिकअप कोणता, ब्रिजपासून किती अंतरावर आणि पुढे प्रीअँप (आवाज वाढवणारं, घडवणारं छोटं सर्किट) आहे की नाही यात. तुमच्या जॅझमध्ये नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीअँप बसवला की तुम्ही हुबेहूब स्टिंगरे होणार नाही, पण बँडच्या गदारोळात समोरच्या श्रोत्याला फरक सांगता येणार नाही इतपत जवळ जाल. तारा बदलल्या तर आणखी वेगळा आवाज. हे सगळं स्क्रूड्रायव्हर आणि सोल्डरिंगचं काम.

न बदलणाऱ्या गोष्टी तीन: स्केल, तारांची संख्या, फ्रेट असणं-नसणं. (फ्रेट उपटता येतात, पण ती परतीची वाट नाही.) तिसरा बेस या तिनांपैकी एखाद्या बाबतीत वेगळा असू दे. म्हणून तुमच्या यादीतलं पहिलं नाव मी खोडतो. वाद्य वाईट नाही, उत्तम आहे. तुमच्याकडे त्याचा शेजारी आधीच राहतोय एवढंच.

चार_तारा_पुरे

अहो, तुमचं दुखणं एका खुंटीचं आहे आणि तुम्ही अख्खा बेस घ्यायला निघालात!

ई तारेची खुंटी काढून तिथे कळ असलेली खुंटी बसवा. कळ फिरवली की ई ची डी होते, परत फिरवली की ई. बहुतेक वेळा नवीन भोक पाडावं लागत नाही. प्रिसिजनवर फ्लॅटवाउंड आहेत ना? मग अजून चांगलं. त्या जरा ताठ असतात, डी पर्यंत उतरवल्या तरी राउंडवाउंडइतक्या लुळ्या पडत नाहीत.

आणि सगळ्यात खाली जायचंच असेल तर चार तारांच्या बेसवर पाच तारांच्या सेटमधल्या जाड चार चढवा: बी, ई, ए, डी. वरची जी गेली, पण कव्हर वाजवणाऱ्या बँडमध्ये बाराव्या फ्रेटपलीकडे जाऊन कोण बघतंय. नटच्या खाचा कानशीने रुंद कराव्या लागतील, ते नटबोल्ट सांगतील.

खर्जवाला

@चार_तारा_पुरे, कळीची खुंटी बँडमधल्या एका गिटारवाल्याकडे आहे, त्याच्यामुळे डोक्यात होतीच. अडचण बोटांची आहे. ई ची डी केली की त्या एकाच तारेवर प्रत्येक सूर दोन फ्रेट पुढे सरकतो, बाकी तीन तारा जागच्या जागी. डी मधलं गाणं मोकळ्या तारेवर छान बसतं. पण ई फ्लॅटमध्ये, मधेच जी वर उडी, पुन्हा खाली, आणि तोंडाने कोरसही म्हणायचाय, तेव्हा हाताला हा हिशेब जमत नाही. सी चं गाणं तर तसंच बाहेर राहतं.

बी-ई-ए-डी चा विचार गंभीरपणे करतोय. पण मग माझा जॅझ जॅझ राहत नाही. स्लॅप करताना जी तार ओढायची सवय आहे.

@नटबोल्ट, 'न बदलणाऱ्या गोष्टी' हा मुद्दा पटला. यादी तिनावर आली. खांद्याचं काय? शॉर्ट स्केलने तिथे काही फरक पडेल?

नटबोल्ट

स्केल डाव्या हाताची सोय बघतं, खांद्याची नाही. तीस इंची स्केलवर पहिल्या चार फ्रेटची अंतरं कमी होतात, बोटं ताणावी लागत नाहीत, तारेचा ताण कमी म्हणून आवाज जरा फुगीर, गुबगुबीत. तो आवाज अनेकांना फार आवडतो. पण शॉर्ट स्केलचं भरीव लाकडाचं वाद्यही जड असू शकतं. व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर हलका लागतो, कारण तो आतून पोकळ आहे. स्केल आखूड असणं हे त्याचं एकमेव कारण नाही.

खांद्यासाठी दोनच गोष्टी बघा. पहिली, वजन काट्यावर. चार किलोच्या आत असेल तर उत्तम, साडेचारच्या वर असेल तर कितीही गोड वाजू दे, खाली ठेवा. दुसरी, तोल. पट्टा लावून उभे राहा आणि दोन्ही हात सोडा. हेडस्टॉक जमिनीकडे झुकायला लागला तर पुढची सगळी वर्षं तुमचा डावा हात वाजवता वाजवता नेक उचलून धरणार. अंगाचं वरचं शिंग (पट्टा अडकतो ते टोक) बाराव्या फ्रेटपर्यंत पोचत असेल तर सहसा ही भानगड होत नाही. आणि पट्टा रुंद घ्या, कृपा करून.

आणखी एक, कोणताही बेस घेताना बघाच: जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर अ‍ॅम्प न लावता वाजवा आणि सुटू द्या. बोल्टने नेक जोडलेल्या बऱ्याच बेसवर इथे कुठेतरी एक सूर शेजाऱ्यांपेक्षा आधी मरतो. नेक स्वतःच त्या कंपनसंख्येला थरथरतो आणि तारेची ताकद पिऊन टाकतो. हेडस्टॉक मुठीत घट्ट धरून तोच सूर पुन्हा वाजवा. मेलेली जागा सरकली किंवा सूर लांबला तर समजा कारण हेच. थोडंफार चालतं. पण तुमच्या गाण्यात लांब धरायचा सूर नेमका तोच असेल तर रोज चिडचिड होईल.

रात्रीचा_रियाझ

फ्रेटलेसच्या बाजूने कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय.

मींड. बस, एवढं एकच कारण. एका सुरातून दुसऱ्यात पायरी न लागता जाणं, धरलेल्या सुराला बोटाने हळूच हलवणं. फ्रेट असलेल्या बेसवर हे कितीही ओढाताण केली तरी येत नाही. घरच्या रेकॉर्डिंगला एकच फ्रेटलेस ट्रॅक लावून बघा, गाण्याचा चेहरा बदलतो.

पण तुमच्या बँडची अडचण यातून सुटणार नाही, हेही सांगतो. मंचावर मॉनिटर नीट नसेल आणि स्वतःचं ऐकू येत नसेल तर फ्रेटलेसवर सुरात राहणं महाकठीण. बोट फ्रेटच्या मागे नाही, जिथे फ्रेट असता बरोब्बर त्या रेषेवर पडावं लागतं. नजरेची सवय मोडायला वेळ लागतो. राउंडवाउंड लावल्या तर रोझवूडची बोटपट्टी कोरली जाते. फ्रेटलेसचा नामवंत वादक जॅको पास्टोरियसने आपल्या जॅझ बेसच्या बोटपट्टीवर इपॉक्सीचा थर दिला होता तो याचसाठी. साध्या माणसाने फ्लॅटवाउंड लावाव्यात आणि मोकळं व्हावं.

मंद्रसप्तक

वरचं सगळं वाचलं. खर्जवाला, तुम्ही प्रश्नातच उत्तर लिहून ठेवलंय. सी, डी, ई फ्लॅट. पाच तारांच्या बेसवर हे अनुक्रमे बी तारेचा पहिला, तिसरा आणि चौथा फ्रेट. बाकी चार तारा आहेत तिथेच. डोक्याला काहीही नवीन हिशेब नाही. पट्टी बदलली तर अख्खा आकार उचलून खाली ठेवायचा.

पण पाच तारांचा बेस चांगला आहे की नाही हे फक्त बी तार ठरवते, आणि बरेच लोक नेमकी तीच न तपासता घेतात. मी असं करतो: बी तारेवर पाचव्या फ्रेटला ई वाजवतो, लगेच मोकळी ई. सूर एकच. आवाजाचा पोत थोडा वेगळा येणारच, जाड तार आहे. पण पाचव्या फ्रेटचा ई जर भिजलेल्या कापडासारखा वाटला, सुरुवातीचा ठोका ऐकूच आला नाही आणि नंतर नुसती गुरगुर उरली, तर ती बी तार शोभेची आहे. मग बी तारेचा तिसरा फ्रेट, म्हणजे डी, ट्यूनर लावून धरा. काटा आधी वर जाऊन मग खाली येतो. किती वर जातो ते बघा. ढिली तार जोरात मारली की सूर आधी चढा येतो.

यासाठी काही जण ३५ इंची स्केल घेतात, तार थोडी जास्त ताणलेली राहते. माझा ३४ इंची आहे आणि १३०ची (०.१३० इंच जाड) बी लावून मला पुरेसा घट्ट वाटतो. दोन्ही वाजवून ठरवा. इंचाच्या आकड्यापेक्षा नेक किती घट्ट बसलाय आणि तार कोणती हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

अ‍ॅम्पबद्दल. मोकळी ई साधारण ४१ हर्ट्‌झ, मोकळी बी साधारण ३१. छोट्या कॅबिनेटमधून ३१ हर्ट्‌झ जवळपास येतच नाही. घाबरू नका. कान वरच्या हार्मोनिक्सवरून (मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट कंपनांवरून) खालचा सूर स्वतःच जुळवतो. मोबाइलवर गाणं ऐकताना बेस 'ऐकू' येतो तो असाच. उलट नॉब फिरवून तळ वाढवत बसलात तर स्पीकर नुसता धडपडेल. मी ३५ हर्ट्‌झच्या आसपास हाय-पास फिल्टर (त्याखालचा आवाज कापणारा) लावतो आणि बी तार आधीपेक्षा स्वच्छ ऐकू येते.

हाताची सवय एक लागेल. वरच्या तारा वाजवताना मोकळी बी आपोआप गुणगुणते. अंगठा पिकअपवर रोवून ठेवायची सवय सोडा, तो तारांसोबत खाली सरकू दे आणि वाटेत बी आणि ई वर टेकलेला राहू दे. पहिल्या रिहर्सलला विसराल आणि सगळा चिखल होईल.

खर्जवाला

मंडळी, आभार. मधल्या काळात एका मित्राचा पाच तारांचा बेस रिहर्सलला नेला होता. अ‍ॅक्टिव्ह, ३४ इंची.

सी चं गाणं आधी घेतलं. कोरसला पहिल्या फ्रेटचा सी धरला आणि ड्रमरने मान वर करून पाहिलं. नंतर म्हणाला, किक थोडी कमी ट्यून करावी लागेल, दोघं एकाच जागी आलो. म्हणजे काम झालं, पण नवीन भांडणही मिळालं. प्रीअँपचा तळ मी निम्म्यावर आणला तेव्हा दोघांना जागा झाली.

मंद्रसप्तकांनी सांगितलेला चिखल झाला, शब्दशः. अंगठा सरकवायचं लक्षात होतं, पण स्लॅपच्या भागात उजवा हात मोकळा होतो आणि बी सुटते. तिथे डाव्या हाताचा अंगठा नेकवरून वर आणून दाबता येतो का ते बघतोय, हात पुरत नाही.

खांद्याचं म्हणाल तर त्या वाद्याचं वजन माझ्या जॅझपेक्षा जास्त होतं आणि ते कळत होतं. त्यामुळे आता पाच तारा नक्की, वजन चारच्या आसपास, आणि प्रीअँप बंद करून पॅसिव्ह वाजवता येईल अशी कळ हवी. ऐन कार्यक्रमात बॅटरी गेली तरी आवाज येत राहावा. फ्रेटलेसचा विचार डोक्यातून गेलेला नाही, @रात्रीचा_रियाझ, पण त्याला थांबावं लागेल.

एक शेवटचं: ब्रिजपाशी तारांमधलं अंतर. मित्राच्या बेसवर ते १७ मिलिमीटर होतं, माझ्या दोन्ही बेसवर १९ च्या आसपास. अरुंद असलं की नेक हातात बसतो, पण जी ओढताना बोट डी ला लागत होतं. सवयीचा भाग आहे की १९ वालाच शोधू?

मंद्रसप्तक

स्लॅप करता, आणि घरी गेल्यावर पुन्हा जॅझच हातात घेणार आहात. १९ शोधा. नेक थोडा रुंद लागेल, तो हात आठवड्याभरात मान्य करतो.

नटबोल्ट

१९. आणि आणल्यावर लगेच वाजवत बसू नका, आधी बी तारेची नटमधली खाच बघा. कारखान्यातून बहुतेक वेळा उंच येते. पहिल्या फ्रेटचा सी चढा वाजला की समजायचं तेच, तुमचं ते सी चं गाणं आहे ना.