मदत हवी आहे: शिळ्या भाकरीचा थर वरून खरपूस कसा करायचा?
नमस्कार मंडळी, मी सांगलीची. रात्री उरलेली शाळूची (ज्वारीची) भाकरी आमच्याकडे सकाळी कुस्करून फोडणीला पडते. तोच चुरा मला बिडाच्या कढईतल्या दाटसर वांगं-बटाट्यावर थर म्हणून द्यायचाय. चुऱ्यात शेंगदाण्याचं कूट, ठेचलेला लसूण, तीळ, चमचाभर तेल कालवते. कडेला झकास खरपूस होतं, पण झाकणाला वाफ धरून पाणी टपकतं आणि मधे लगदा होतो. उघडं ठेवलं तर वरून पांढरंफटक! ज्वारीला चिकटपणा नाही, त्यामुळे थर वाढताना सुटतो. बेसन लावू की उरलेला भात मळून घालू? ओव्हन नाही. झाकणावर निखारे ठेवायचे, तसं गॅसवर कसं जमवता? चुरा आधी तव्यावर परतला तर? सासूबाईंना चावायला त्रास होतो, फार कडक नको.