तापाचं औषध आहे का कोणाकडे? बी विंग ग्रुप, रात्री ११:४०

आरवची आई, ३०२: कोणाकडे पॅरासिटामॉलचं सिरप आहे का?? आरवला १०१.५ आहे आणि आमची बाटली आजच संपली, खालचं मेडिकल बंद झालंय

५०१ काकू: आहे ग, आमच्या रियाचं. ड्रॉप्स आहेत, चालतील ना? पाठवते काकांबरोबर

आरवची आई: हो हो चालेल काकू थँक्यू 🙏 डॉक्टरांनी ५ एमएल सांगितलंय तेवढंच देते

७०१: थांब थांब थांब. देऊ नकोस अजून. फोन उचल

७०१: उचलत नाहीयेस म्हणून इथेच लिहिते, सगळ्यांनीच वाचा. ड्रॉप्स आणि सिरप एक नाही. आरवला ५ एमएल सांगितलं ते १२० च्या सिरपचं, म्हणजे ५ एमएलमध्ये १२० मिलिग्रॅम. ड्रॉप्समध्ये बहुतेक वेळा १ एमएलमध्येच १०० मिलिग्रॅम असतं, कारण ते तान्ह्या बाळांसाठी घट्ट बनवतात. ५ एमएल ड्रॉप्स दिले असतेस तर ५०० गेलं असतं, मोठ्या माणसाची अख्खी गोळी. वजन किती आरवचं?

आरवची आई: बापरे. ११ किलो

७०१: एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे ११० ते १६५. काकू, बाटलीवर काय लिहिलंय त्याचा फोटो टाका, आणि कधी फोडली तेही सांगा

५०१ काकू: [फोटो] १ एमएल = १०० मिग्रॅ. मागच्या रविवारी फोडली

७०१: मग १.१ एमएल, बाटलीतल्याच ड्रॉपरने. चमच्याने नाही, घरातल्या चमच्यांचं काही खरं नसतं. पुढचा डोस किमान चार तासांनी, ताप असेल तरच. पाणी पीत नसेल, सुस्त वाटला, झटका आला तर ग्रुपवर विचारत बसू नको, सरळ हॉस्पिटल

२०४ आजोबा: सर्दीचं सिरप पण द्या थोडं, छान झोप लागते. आमच्याकडे आहे

७०१: आजोबा नको 🙏 त्यातल्या कितीतरींमध्ये पॅरासिटामॉल असतंच, म्हणजे एकाच तापाला दोनदा औषध. शिवाय सर्दीच्या सिरपमध्ये असतं ते क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिनचं कॉम्बिनेशन ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नका असं सरकारनेच २०२३ ला सांगितलंय. झोप लागते हाच तर त्रास आहे, मूल सुस्त झालंय की औषधाने झोपलंय ते कळत नाही

६०३: ते कोल्ड्रिफ खोकल्याच्या सिरपचं पण असलंच काहीतरी होतं ना? छिंदवाड्याचं

७०१: ते वेगळं, त्यात डायएथिलीन ग्लायकॉल नावाचं विषारी रसायन निघालं, किडनी जाते त्याने. तिथली बरीच मुलं उपचाराला नागपूरलाच आणली होती. ते आपल्याला घरी बसून कळणारच नाही, पण ड्रॉपर कळतो

२०४ आजोबा: १९८६ ला जेजे हॉस्पिटलमध्येही हेच झालं होतं, ग्लिसरीनमधून. १४ माणसं गेली. चौकशीला लेंटिन कमिशन बसलं होतं, मी तेव्हा भायखळ्याला राहायचो, रोज पेपरात यायचं

आरवची आई: दिलं १.१. थुंकला थोडं, परत देऊ का?

७०१: थोडं म्हणजे किती? ओठावर आलं असेल तर राहू दे, परत नको

आरवची आई: ओठावरच. ताई एक सांगते, मागच्या महिन्यात मेडिकलवाल्याने १२० नाही म्हणून २५० ची बाटली दिली होती, "एकच आहे, कंपनी पण तीच" म्हणाला, मी बदलून आणली पण का आणली ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं, नुसतं डॉक्टरांनी १२० लिहिलं होतं म्हणून

७०१: नशीब. तेच ५ एमएल दिलं असतंस तर दुप्पट. आम्ही हॉस्पिटल फार्मसीत चिठ्ठीवर वजन नसेल तर आधी वजन विचारतो आणि नर्सला एमएल नाही, मिलिग्रॅम बोलून दाखवायला लावतो, वैताग येतो सगळ्यांना

६०३: ताई आत्ता आमची बाटली बघितली. २५० आहे 😶 आम्ही दोन वर्षं ५ एमएलच देतोय

७०१: वजन?

६०३: आत्ता १७

७०१: मग आत्ता बसतंय. दोन वर्षांपूर्वी किती होतं ते मला आज सांगू नका, झोप यायची नाही

आरवची आई: १००.२ झालं 🙏