मदत हवी आहे : हप्ता थकलेला असताना दशांश कसा काढावा?

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. मिस्टरांचं एमआयडीसीतलं कंत्राटी काम सुटलंय, सध्या घर माझ्या शिवणकामावर चालतं. सणासुदीला ब्लाऊज भरपूर येतात, पावसाळ्यात मशीन नुसतं झाकून ठेवावं लागतं. पतसंस्थेचे हप्ते थकलेत.

देव पुरवतो यात शंका नाही. घरात धान्य संपत आलं की कुठून तरी जुनी उधारी वसूल होते, हे आम्ही पाहिलंय. अडचण दशांशाची आहे, म्हणजे कमाईतला दहावा भाग देवाला द्यायचा त्याची. बायबलमधल्या पाकिटात मी दर शनिवारी तो बाजूला ठेवते आणि सोमवारी हप्त्यासाठी त्यालाच हात लावायची वेळ येते. मनाला फार लागतं.

चर्चच्या पाळकसाहेबांना विचारलं, त्यांनी बायबलमधलं मलाखी 3:10 दाखवलं : सगळा दशांश देवाच्या भांडारात आणा. थोरले दीर म्हणतात, रोमकरांस 13:8 प्रमाणे आधी देणं फेडा. दोघंही कळकळीने सांगतात. मी स्वतः 2 करिंथकरांस 8:12 वर थांबलेय : जसं जवळ असेल तसं दिलेलं मान्य होतं. पण हा माझ्या सोयीचा अर्थ तर नाही ना?

नातेवाइकांकडून उसने घ्यायचे नाहीत, सोनं आधीच गहाण आहे. मिस्टर रोज काम शोधतायत. "फक्त विश्वास ठेवा" एवढंच कृपया लिहू नका, तो ठेवूनच विचारतेय.

ज्यांची कमाई अशीच कमी-जास्त असते त्यांनी सांगावं : दशांश आलेल्या सगळ्या पैशांवर काढता, की अस्तर, दोरा, वीजबिल वजा करून? आणि कर्ज थकलेलं असताना तो पूर्ण दिलात, कमी केलात, की हप्ते सुरळीत होईपर्यंत थांबवलात?