अवकाश उद्योगाच्या परिषदांतून हाती काय लागते?

गोदाकाठ (धागाकर्ता):
या परिषदांतून काही भरीव निष्पन्न होते, हे मला पटत नाही. उद्घाटन, सामंजस्य करार, सत्कार यांत दिवस सरतात आणि आदल्या वर्षीच्या करारांचे पुढे काय झाले, हे व्यासपीठावरून कोणी सांगत नाही. निसार उपग्रहाचेच पाहा. आंतरराष्ट्रीय अंतराळ परिषदेच्या निमित्ताने टोरांटोत जमलेले इस्रोचे के. राधाकृष्णन आणि नासाचे चार्ल्स बोल्डन यांनी 30 सप्टेंबर 2014 रोजी या मोहिमेच्या करारावर सह्या केल्या, तेव्हा 2020 मध्ये प्रक्षेपण करण्याचे ठरले होते; प्रत्यक्षात ते 30 जुलै 2025 रोजी झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात बीड, धाराशिव, लातूर, नांदेडात अतिवृष्टीने सोयाबीन पाण्याखाली गेले. ढगांआडची जमीन पाहू शकणारा हा रडार उपग्रह तेव्हा कक्षेत होता, पण चाचण्यांच्या टप्प्यात. इकडे तलाठी आणि कृषी सहायक चिखल तुडवत पंचनामे करत होते. पाच वर्षे आधी तो वर गेला असता, तर एव्हाना त्याच्या माहितीचा वापर आपल्या यंत्रणेच्या अंगवळणी पडला असता.

मांजराकाठची:
दादा, उशिराचे खापर तुम्ही चुकीच्या माथी फोडत आहात. निसारचा 12 मीटर व्यासाचा अँटेना-परावर्तक घडी घातलेल्या अवस्थेत प्रमाणाबाहेर तापू शकतो, असे दिसल्यावर तो 2024 मध्ये विशेष लेप देण्यासाठी भारतातून पुन्हा कॅलिफोर्नियाला न्यावा लागला. हा प्रश्न अभियांत्रिकीचा होता. परिषदेचे काम वेगळे असते. दोन देशांच्या संस्थांत वर्षानुवर्षे फिरणारा मसुदा अमुक तारखेला दोन्ही प्रमुख एका गावात असणार म्हटल्यावर पूर्ण होतो. सरकारी फायली जवळून पाहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

मी औसा तालुक्यातली आहे. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 चा आणि करारावरच्या सह्याही 30 सप्टेंबरच्याच. हा योगायोग आहे हे मला कळते, आणि भूकंपाचे भाकीत कोणताही उपग्रह करत नाही हेही कळते. तरीही दर 12 दिवसांच्या फेऱ्यांत तीच जमीन पुन्हा पाहून तिची अगदी बारीक हालचाल मोजणारे उपकरण आपल्या डोक्यावरून जाते, ही आमच्या भागासाठी लहान गोष्ट नव्हे.

दुसरे उदाहरण आपत्तीकाळातल्या उपग्रह-चित्रांचे. 1999 मध्ये व्हिएन्नात झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अवकाश परिषदेनंतर युरोपीय आणि फ्रेंच अवकाश संस्थांनी पुढाकार घेऊन आंतरराष्ट्रीय सनद तयार केली आणि 2001 मध्ये इस्रो तीत सामील झाली. मोठी आपत्ती आली की सदस्य संस्था आपल्या उपग्रहांची चित्रे विनामूल्य देतात.

गोदाकाठ:
ताई, सनदेचे मोल मला मान्य आहे, पण व्हिएन्नाची परिषद सरकारांची होती. तिथे जे ठरते, त्याचा जाब पुढे विचारता येतो. माझा आक्षेप उद्योगमेळाव्यांवर आहे, जिथे कंपन्या घोषणा करतात आणि त्यांचा हिशेब कोणीच मागत नाही.

वाळूजकर:
उद्योगमेळाव्यांविषयी मी बोलू शकतो, कारण माझे सीएनसी मशीनिंगचे, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रांवर धातूचे भाग कापण्याचे, लहान युनिट आहे आणि वाहनांचे सुटे भाग बनवण्यात आमची हयात गेली. 2020 मध्ये इन-स्पेसची, म्हणजे खासगी कंपन्यांना अवकाश क्षेत्रात परवानगी आणि चालना देणाऱ्या सरकारी संस्थेची, घोषणा झाली, 2023 मध्ये अवकाश धोरण आले, म्हणून आम्हीही बंगळुरूच्या एका प्रदर्शनात स्टॉल घेतला. उद्घाटनाला पाहुणे उशिरा आले, त्यात पहिला दिवस बुडाला; भाषणांतून आम्हाला काडीचाही उपयोग झाला नाही. मात्र दुसऱ्या दिवशी एका खरेदी अभियंत्याने आमचा ॲल्युमिनियमचा नमुना हातात घेऊन विचारले की, धातूच्या मूळ पट्टीचा हीट नंबर, म्हणजे तो धातू कोणत्या ओतणीतला हे सांगणारा क्रमांक, शेवटच्या भागापर्यंत नोंदलेला आहे का? नव्हता. मायक्रॉनमधली अचूकता आमच्याकडे होती, कागदपत्रांची साखळी नव्हती, आणि हे आम्हाला वाळूजमध्ये बसून कोणीही सांगितले नसते. त्यानंतर आम्ही प्रत्येक तुकड्याची नोंद ठेवू लागलो. ऑर्डर अजून मिळालेली नाही, तरीही गोदाकाठसाहेब, तो खर्च मी वाया गेला असे म्हणणार नाही.

गोदाकाठ:
आपला अनुभव मोलाचा आहे, पण तो माझ्याच बाजूचा आहे असे मला वाटते. उपयोग झाला तो स्टॉलवरच्या त्या एका प्रश्नाचा. मग खरेदीदारांनी आपल्या अटींची यादी घेऊन वाळूज-शेंद्र्यात दोन दिवस का बसू नये? लहान कारखानदाराने बंगळुरूचे भाडे आणि स्टॉलचे शुल्क कशासाठी भरावे?

मांजराकाठची:
अवश्य बसावे. पण त्यांना इथे बोलवायचे, तर आधी त्यांची गाठ कुठे पडणार, हेही सांगा.